बाबालू आये विरुद्ध हायलिया नगरपालिका: ‘बळी’ हा शब्द कायद्यात लिहिला आणि केस हातची गेली

मामेभावाचा रविवारी फोन आला. तो टेक्सासमध्ये असतो, पंधरा-सोळा वर्षं झाली, तिकडच्या एका देवळाच्या कमिटीवर आहे आणि त्या देवळाची जागा सध्या काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्हा प्रशासनाच्या, परवानगीत अडकलीय. म्हणाला, ताई तू लॉ केलंयस ना, मग एक सांग, हे लोक जे धर्मस्वातंत्र्य धर्मस्वातंत्र्य करतात ते आपल्यासारख्यांना खरंच लागू असतं, की ते मुळात चर्चवाल्यांसाठीच लिहिलंय आणि आपण उगाच मध्ये लुडबुडतोय?

मी म्हटलं, लिहिलंय तर सगळ्यांसाठी. १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती, त्यात कुठल्याच धर्माचं नाव नाही. मूळ घटनेच्या सहाव्या कलमात तर स्पष्ट आहे की सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. आणि त्याच्याही आधी, १७८६ साली व्हर्जिनियाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला तेव्हा कुणीतरी मसुद्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालायची दुरुस्ती आणली होती, ती मोठ्या बहुमताने पडली, आणि जेफरसनने नंतर आत्मचरित्रात लिहून ठेवलं की याचा अर्थच असा की या कायद्याच्या छत्राखाली ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान, हिंदू आणि कशावरच विश्वास नसलेला, सगळे येतात. हिंदू हा शब्द त्याने खरंच लिहिलाय. तेव्हा तिकडे किती हिंदू होते देव जाणे.

भाऊ म्हणाला, ते कागदावर झालं गं.

बरोबर आहे, कागदावरच झालं. म्हणून मी त्याला एक केस सांगितली, आणि ती सांगताना माझ्याच लक्षात आलं की ती नीट सविस्तर लिहायला हवी, कारण बहुतेक जण तिचा निकाल तेवढा सांगतात, ‘अल्पसंख्य धर्म जिंकला, टाळ्या’, आणि तो का जिंकला हे सोडून देतात. खरी मेख त्या ‘का’मध्येच आहे.

गाव हायलिया. फ्लोरिडात, मायामीला चिकटलेलं. क्युबातनं क्रांतीनंतर पळून आलेल्या लोकांनी भरलेलं, रस्त्यावर इंग्रजीपेक्षा स्पॅनिश जास्त ऐकू येतं. मी एका प्रोजेक्टसाठी चार-पाच महिने त्या बाजूला होते तेव्हा एकदा तिथल्या बोतानिकात गेले होते. बोतानिका म्हणजे आपल्याकडचं पूजासाहित्याचं दुकान आणि वैदूचं दुकान एकत्र केलं तर जे होईल ते. जुड्या बांधलेल्या वनस्पती, काचेच्या ग्लासातल्या रंगीत मेणबत्त्या, मण्यांच्या माळा, आणि एका कोपऱ्यात चांगला हातभर उंच पुतळा, कुबड्या घेतलेला म्हातारा, अंगावर फोड, पायाशी दोन कुत्री त्याच्या जखमा चाटतायत. वरून बघितलं तर हा सेंट लाझरस, कॅथलिक संत. पण दुकानात येणाऱ्यांसाठी तो बाबालू आये. देवीचा रोग, साथी, अंगावरचे फोड हे सगळं त्याच्या ताब्यात, कोपला तर देतो आणि पावला तर बरं करतो.

आपल्याला हे समजवायला लागू नये खरं तर. आपण त्या रोगालाच ‘देवी’ म्हणतो. माझ्या आजोळी पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे, आणि मरीआईला कोंबडं नाहीतर बोकड हे ठरलेलं. आईच्या लग्नानंतर आमच्या घरात त्या जागी कोहळा आला, आणि आता कोहळ्याचंही कुणी नाव काढत नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही. ही जी लाज आहे ना, ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर सांतेरिया, या बाबालू आयेला मानणाऱ्यांचा धर्म. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांना गुलाम करून क्युबात आणलं, मालक कॅथलिक, स्वतःच्या देवांची उघड पूजा करायची सोय नाही, मग त्यांनी आपले ओरिशा कॅथलिक संतांच्या मूर्तीमागे लपवले. नमस्कार संताला, मनात ओरिशा. पिढ्यान्‌पिढ्या लपूनछपून चाललं आणि त्यातनं एक वेगळाच धर्म तयार झाला. त्यांच्या समजुतीत ओरिशा ताकदवान आहेत पण अमर नाहीत, त्यांना टिकून राहायला बळी लागतो. जन्म, लग्न, मृत्यू, आजारपण, नव्या माणसाला दीक्षा, पुजाऱ्याची दीक्षा, वार्षिक सण, या सगळ्याला. कोंबड्या, कबुतरं, बदकं, गिनीपिग, बकऱ्या, मेंढ्या, कासवं. मानेच्या रक्तवाहिन्या कापून. नंतर शिजवून खातात, म्हणजे आपल्या कंदुरीसारखंच, फक्त आजार उतरवायला किंवा मृत्यूच्या विधीला दिलेला बळी खात नाहीत. हा जो छोटा अपवाद आहे त्यावर पुढे फार मोठं रामायण झालं.

दक्षिण फ्लोरिडात तेव्हा निदान ५० हजार लोक हे मानत होते, हा आकडा ट्रायल कोर्टानेच धरलाय. पण सगळं घरात, पडदा ओढून.

ते उघड्यावर आणायचं एर्नेस्तो पिचार्दो या पुजाऱ्याने ठरवलं. त्याची रीतसर नोंदणी केलेली संस्था होती, चर्च ऑफ द लुकुमी बाबालू आये. एप्रिल १९८७ मध्ये त्यांनी हायलियात भाड्याने जागा घेतली, आधी तिथे जुन्या गाड्या विकायचा धंदा होता, आणि जाहीर केलं की इथे प्रार्थनास्थळ, शाळा, सांस्कृतिक केंद्र आणि म्युझियम करणार. लपायचं नाही आता. लाइट, पाणी, लायसन्स, झोनिंग, सगळ्याचे अर्ज नियमाप्रमाणे केले आणि ऑगस्टपर्यंत परवानग्या मिळाल्यासुद्धा.

गावात भडका उडाला. ९ जून १९८७ ला नगरपालिकेने तातडीची जाहीर सभा घेतली. त्या सभेत काय काय बोललं गेलं ते सगळं रेकॉर्डवर आहे, आणि ते वाचताना मला सारखं वाटत होतं की अरे कुणीतरी या लोकांना गप्प बसवा, तुमचा वकील रडत असेल. एक नगरसेवक म्हणाला की आपल्या देशात, म्हणजे क्युबात, या लोकांना तुरुंगात टाकायचे, तिथे जे चालत नव्हतं ते इथे कशाला आणता? लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा म्हणाला की हा देश ज्या ज्या गोष्टींसाठी उभा आहे त्या सगळ्याच्या हे लोक विरुद्ध आहेत. तिसऱ्याने बायबल काढलं, खाण्यासाठी प्राणी मारायला बायबलची परवानगी आहे पण बाकी कशासाठी आहे असं मला वाटत नाही, आणि ज्यू लोकांचं कोशर, म्हणजे त्यांच्या धर्मनियमाने जनावर कापणं, ते वेगळं, त्याला खरा उद्देश आहे. पोलीस खात्याचा जो धर्मगुरू असतो तो म्हणाला हे पाप आहे, मूर्खपणा आहे, ही सैतानांची पूजा आहे, हे चर्च होऊ देऊ नका. कौन्सिलच्या अध्यक्षाने तर सरळच विचारलं, हे चर्च उघडू नये म्हणून आपल्याला काय करता येईल? पिचार्दो बोलायला उभा राहिला तेव्हा त्याची हुर्यो उडवली.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही म्हणता येणार, पण हे बोलणारे कोण होते? मार्तिनेस, कार्दोसो, मेहिदेस, एचेव्हारिया. आडनावं बघूनच कळतं. ‘आपल्या देशात’ म्हणजे क्युबात, असं म्हणणारी माणसं. गोऱ्या प्रोटेस्टंट अमेरिकेने एका परक्या धर्मावर केलेला हल्ला असं साधं चित्र इथे नाहीये. हे शेजारी होते, एकाच बेटावरनं आलेले, आणि मला तरी त्या सभेत सगळ्यात जास्त लाज दिसते. आपण इथे बूट-टाय घालून मोठे झालो, आता हा कोण आपल्यातलाच उठलाय आणि कोंबडी घेऊन मेन रोडवर बसतोय. आमच्याकडच्या कोहळ्यासारखं.

त्या दिवशी एक ठराव झाला, काही विशिष्ट धर्म सार्वजनिक नीती, शांतता आणि सुरक्षिततेला धरून नसलेल्या गोष्टी करण्याची शक्यता आहे अशी नागरिकांना चिंता वाटते वगैरे. ‘काही विशिष्ट धर्म’, हे शब्द अधिकृत ठरावात! शिवाय राज्याचा प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा जसाच्या तसा उचलून स्थानिक नियम म्हणून लावला. त्या कायद्यात ‘विनाकारण किंवा क्रूरपणे’ मारणं गुन्हा आहे. मग नगरपालिकेच्या वकिलाने राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलला, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाला, पत्र लिहून विचारलं की विधीसाठी मारणं यात बसतं का, तर उत्तर आलं की हो, खाण्याशिवाय दुसऱ्या कारणाने विधीत मारलं तर ते विनाकारणच. बास, रान मोकळं. सप्टेंबरमध्ये आणखी तीन नियम आले, सगळे एकमताने, एक हात विरोधात वर गेला नाही. शिक्षा ५०० डॉलरपर्यंत दंड नाहीतर ६० दिवसांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हे तीन नियम हळू वाचायला हवेत, कारण केस इथेच जिंकली गेली, कोर्टात नंतर.

पहिल्यात ‘बळी’ची व्याख्या केली: सार्वजनिक किंवा खाजगी विधीत, मुख्य उद्देश खाणं नसताना, प्राण्याला विनाकारण मारणं, छळणं, तोडणं. एका ओळीत किती गाळण्या लावल्यात मोजा. खाण्यासाठी मारलं तर बाहेर. विधी नसेल तर बाहेर. ‘विनाकारण’ नसेल तर बाहेर, आणि कारण कुठलं चालतं तर शिकार, मासेमारी, उंदीर मारणं, भटकी कुत्री-मांजरं झोपवणं, औषधांचे प्रयोग, सगळं चालतं. फ्लोरिडात ग्रेहाउंड कुत्र्यांना शर्यतीसाठी तयार करताना जिवंत ससे वापरणं ‘विनाकारण’ नाही असा तिथल्या कोर्टाचा निर्णयसुद्धा होता! म्हणजे कुत्र्याच्या शर्यतीला ससा चालतो पण आजारी पोराला बरं वाटावं म्हणून कोंबडी चालत नाही. पुढे असंही घातलं की कुठल्याही विधीत प्राणी मारणाऱ्या माणसाने खाण्याच्या हेतूने प्राणी बाळगायचाच नाही, मग ते मांस खा किंवा खाऊ नका. त्यातनं परत परवानाधारक खाटीकखाने बाहेर काढले. दुसऱ्या नियमाने शहराच्या हद्दीत कुठेही ‘बळी’वर बंदी. तिसरा त्यातल्या त्यात सभ्य दिसतो, खाण्यासाठी जनावर कापायचं तर ठरवून दिलेल्या झोनमध्येच, पण त्यातही दर आठवड्याला थोडी डुकरं-गाईगुरं विक्रीसाठी कापणाऱ्यांना राज्याच्या कायद्याप्रमाणे सूट.

शेवटी गाळून गाळून चाळणीत उरलं कोण? फक्त सांतेरियावाले. नाव कुठेच घेतलं नाही, पण कपडे एकाच माणसाच्या मापाचे शिवले.

चर्चने केस टाकली. ट्रायल कोर्टात न्यायाधीश स्पेलमन यांच्यासमोर नऊ दिवस सुनावणी चालली आणि १९८९ मध्ये चर्च हरलं. मी त्या निकालाला अगदीच बिनडोक म्हणणार नाही, कारण नगरपालिकेकडे सांगायला मुद्दे होते. जनावरं बळीच्या आधी घाणेरड्या, दाटीवाटीच्या जागेत ठेवली जातात, मांसाची तपासणी होत नाही, सुरी मारली की दोन्ही रक्तवाहिन्या एकदम कापल्या जातीलच याची खात्री नाही म्हणजे जनावराला यातना, लहान मुलं बघतात, आणि उरलेले अवशेष सार्वजनिक जागी टाकले जातात. प्राणीप्रेमी संस्था नगरपालिकेच्या बाजूने उतरल्या त्या काही सगळ्या धर्मद्वेष्ट्या नव्हत्या. न्यायाधीश म्हणाले, हेतू प्राण्यांचे बळी थांबवण्याचा आहे, चर्च हाकलण्याचा नाही, धर्मावर परिणाम होतोय तो ओघाने. १९९१ मध्ये अपील कोर्टाने एका परिच्छेदात तेच कायम केलं. एका परिच्छेदात!

आणि या दोन तारखांच्या मध्ये, १९९० मध्ये, सुप्रीम कोर्टाने एक असा निकाल दिला की चर्चच्या वकिलांच्या पोटात गोळाच आला असेल. ओरेगनमधली केस. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या नेटिव्ह अमेरिकन चर्चचे दोन जण, व्यसनमुक्ती केंद्रात नोकरीला, त्यांनी धार्मिक विधीत पेयोटे नावाचं निवडुंग खाल्लं, ते ड्रग्जच्या यादीत, नोकरी गेली, बेकारी भत्ता नाकारला. तोपर्यंत, निदान १९६३ पासून तरी, सूत्र असं होतं की धर्माचरणावर मोठा बोजा पडत असेल तर सरकारने तसंच जबरदस्त कारण दाखवायचं. जस्टिस स्कालियांनी ते सूत्र गुंडाळलं. म्हणाले, कायदा तटस्थ असेल आणि सगळ्यांना सारखा लागू असेल तर तुमच्या धर्माला कितीही लागो, घटना आड येत नाही. सूट हवी तर निवडून दिलेल्यांकडे मागा. आणि हेही मोकळेपणाने लिहिलं की यात जे धर्माचार फार लोक पाळत नाहीत त्यांचं तुलनेने नुकसान होईल, पण लोकशाहीत ते टळत नाही.

म्हणजे बघा, अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हाही चर्चमधल्या विधीच्या वाइनला कायद्यातच सूट होती, कारण कायदा करणारे रविवारी तीच वाइन घ्यायचे. पेयोटेवाल्यांचा ओरेगनच्या विधिमंडळात कोण होता? बहुसंख्याकांना कोर्टात जायची वेळच येत नाही, त्यांची सोय कायदा लिहितानाच झालेली असते.

तर अशा हवेत ४ नोव्हेंबर १९९२ ला सुप्रीम कोर्टात युक्तिवाद झाला. चर्चतर्फे डग्लस लेकॉक, कायद्याचे प्राध्यापक. ११ जून १९९३ ला निकाल, नऊ विरुद्ध शून्य, नगरपालिकेचे चारही नियम रद्द.

निकाल लिहिला जस्टिस केनेडींनी, जे १९९० मध्ये स्कालियांच्या बाजूने होते. त्यांनी जुनं सूत्र परत आणलं नाही. त्यांनी नवंच सूत्र घेतलं आणि म्हणाले ठीक आहे, कायदा तटस्थ आणि सगळ्यांना सारखा हवा ना, मग हा बघू आहे का. आणि मग एकेक गाळणी उचलून दाखवली. बळी, विधी हे शब्द कायद्यातच आहेत, त्यांचा दुसरा अर्थ असू शकतो मान्य, पण एकत्र ठेवून बघा. जनावरं मारण्याच्या जवळजवळ सगळ्या प्रकारांना सूट आहे आणि एकालाच नाही. आरोग्य म्हणता, तर शिकाऱ्याने घरी आणलेलं हरीण कोण तपासतो? कचरा म्हणता, तर कचऱ्याचा नियम करा. जनावरं नीट ठेवत नाहीत म्हणता, तर नीट ठेवण्याचा नियम करा, तो सगळ्यांना लावा. मारण्याची पद्धत क्रूर वाटते, तर पद्धतीवर नियम करा. तुम्ही त्यातलं काहीच केलं नाही, तुम्ही फक्त देवासाठी मारणं बंद केलं. नगरपालिका स्वतः जो बोजा उचलायला तयार नाही तो तिने एकाच पंथाच्या डोक्यावर ठेवला, असा त्यांच्या म्हणण्याचा सार.

आणि एक गोष्ट कोर्टाने विचारलीच नाही, जी आपल्याकडे पहिल्यांदा विचारली गेली असती: बळी हा सांतेरियाचा ‘अत्यावश्यक’ भाग आहे का? आपल्या सुप्रीम कोर्टाने १९५४ च्या शिरूर मठाच्या केसपासून हा ‘अत्यावश्यक’चा धागा धरला आणि १९५८ मध्ये कुरेशी केसमध्ये बकरी ईदला गाईचीच कुर्बानी बंधनकारक नाही असं ग्रंथ बघून ठरवलं. म्हणजे धर्मात काय महत्त्वाचं हे जज सांगणार. हायलियाच्या केसमध्ये केनेडींनी आधीच्या एका निकालातलं वाक्य घेतलं, की श्रद्धा दुसऱ्याला पटणारी, तर्काला धरून, सुसंगत किंवा समजेल अशी असायची गरज नाही. प्रामाणिक असली की झालं. मला हे जास्त सुटसुटीत वाटतं. पण आपल्याकडचीही एक बाजू सांगते म्हणजे अन्याय नको, आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यातच कलम २८ आहे, एखाद्या समाजाच्या धर्माप्रमाणे आवश्यक त्या पद्धतीने प्राणी मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. हे काम हायलियातल्या सांतेरियावाल्यांना कोर्टात जाऊन करून घ्यावं लागलं, इथे ते संसदेने आधीच करून ठेवलं. काही राज्यांनी देवळातल्या बळींवर वेगळे बंदीचे कायदे केले ते निराळं.

आता त्या सभेतल्या बोलण्याचं काय झालं? केनेडींनी ते सगळं निकालात उतरवलं, टाळ्यासुद्धा. पण त्या भागावर त्यांच्याबरोबर सही केली फक्त जस्टिस स्टीव्हन्सनी. बाकी सातांनी नाही. स्कालियांनी वेगळं मत लिहून सांगितलं की मनात काय होतं हे मी बघणार नाही, कायद्याचा परिणाम बघणार. नगरसेवकांच्या मनात कितीही द्वेष असता आणि कायदा मात्र त्यांना हवा तसा जमला नसता, तर घटनाभंग नाही. उलट मन निर्मळ असून कायदा एकालाच लागत असेल तर आहे.

भावाला मी सांगितलं ते हेच. नगरपालिका हरली ती द्वेष केला म्हणून नाही. ती अडाणीपणाने लिहिल्यामुळे हरली. समजा हायलियात एखादा हुशार वकील असता आणि त्याने सांगितलं असतं की बाबांनो, बायबल घरी ठेवा, सभेत तोंड उघडू नका, आणि एकाच ओळीचा नियम करा: शहराच्या हद्दीत परवानाधारक खाटीकखान्याबाहेर कुणीही, कुठल्याही कारणाने, कुठलाही प्राणी मारायचा नाही. संपलं. सूट कुणालाच नाही. १९९० च्या सूत्रात तो नियम बहुतेक टिकला असता आणि पिचार्दो तरीही तिथेच अडकला असता. जस्टिस ब्लॅकमननी नेमकं हेच बोट ठेवलं, की हा खटला सोपा होता, खरोखर सगळ्यांना लागू असलेला प्राणीरक्षणाचा कायदा समोर आला तर काय, ते आज ठरलेलं नाही. जस्टिस सूटर म्हणाले ते १९९०चं सूत्रच परत तपासा.

ते सूत्र अमेरिकेच्या संसदेलाही, म्हणजे तिकडच्या काँग्रेसलाही, पचलं नाही, १९९३ च्याच नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी धर्मस्वातंत्र्य पूर्ववत करण्याच्या कायद्यावर सही केली, १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांपुरता तो रद्द केला, मग बऱ्याच राज्यांनी आपापले केले. टेक्सासच्या असल्याच कायद्याच्या जोरावर २००९ मध्ये यूलेस गावातला एक सांतेरिया पुजारी घरात बकरी कापायचा हक्क जिंकला. घटनेमुळे नव्हे, राज्याच्या साध्या कायद्यामुळे, हे बघून ठेवा.

आणि हायलियाच्या निकालाचं पुढे काय झालं? तो बराच फिरला म्हणा. २०१८ च्या ४ जूनला कोलोरॅडोच्या ख्रिश्चन केकवाल्याच्या केसमध्ये, समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक नाकारला होता त्याने, केनेडींनीच हायलियाचा दाखला देऊन सांगितलं की राज्याच्या नागरी हक्क आयोगाच्या सदस्यांनी सुनावणीत याच्या धर्माबद्दल वाकडं बोललं, म्हणून आयोगाचा आदेश रद्द. त्यानंतर बावीस दिवसांनी, २६ जूनला, ट्रम्प यांनी काही, बहुतेक मुस्लिम, देशांतल्या लोकांवर घातलेल्या प्रवासबंदीचा निकाल आला, तिथे तर उमेदवार असताना मुसलमानांना बंदी घालणार असं जाहीर बोललेलं होतं, पण पाच विरुद्ध चारने बंदी टिकली, कारण आदेशाचा मजकूर वरून तटस्थ होता. केनेडी टिकवणाऱ्या पाचांत. जस्टिस सोटोमायॉरनी विरोधी मतात हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

अजून एक सांगते. २०१९ च्या फेब्रुवारीत अलाबामात एका मुस्लिम कैद्याला मृत्युदंडाच्या खोलीत शेवटच्या क्षणी इमाम हवा होता, तुरुंगाचा ख्रिश्चन धर्मगुरू आत जाऊ शकत होता, इमाम नाही. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने मागणी फेटाळली, कारण काय तर उशिरा मागितलंस. मार्चमध्ये टेक्सासात बौद्ध कैदी, तिथे ख्रिश्चन आणि मुस्लिम धर्मगुरू चालत होते, बौद्ध नाही. या वेळी मृत्युदंड थांबवला. मग टेक्सासने काय केलं, बौद्धाला आत घेतलं? छे. सगळ्याच धर्मगुरूंना आत बंदी केली. झाले तटस्थ! पुढे तेही फार टिकलं नाही, पण हायलियाच्या नगरपालिकेला १९८७ मध्ये जे सुचलं नाही ते टेक्सासला पाच दिवसांत सुचलं.

टेनेसीत मर्फ्रीसबरोला मशीद होणार होती, २०१० मध्ये विरोधकांनी कोर्टात चक्क इस्लाम हा धर्मच नाही असा मुद्दा मांडला, केंद्राच्या न्याय खात्याला कोर्टात लिहून द्यावं लागलं की बाबा आहे तो धर्म. २०१२ मध्ये मशीद उघडली. तिथेही तेच, विरोधक मोठ्याने बोलले म्हणून बरं झालं.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, थांब, तुला एक पाठवतो. त्यांच्या देवळाच्या दोन सुनावण्या झाल्यात, त्याचं टाइप केलेलं इतिवृत्त, एक्केचाळीस पानं. मी रात्री बसून सगळं वाचलं, आणि मग खात्री म्हणून शोधूनही बघितलं. ‘हिंदू’ हा शब्द फक्त आमच्या बाजूच्या लोकांनी वापरलाय. विरोध करणाऱ्या अठरा जणांपैकी एकानेही धर्माचा ध काढलेला नाही. ट्रॅफिक. पार्किंग. पावसाचं पाणी कुठे जाणार. रात्री नऊनंतर आवाज. एका बाई तर म्हणाल्या की तुमचे लोक फार चांगले आहेत, माझे डॉक्टर तुमच्यातलेच आहेत, प्रश्न फक्त डावीकडे वळणाऱ्या लेनचा आहे.

त्याच रस्त्यावर पुढे दीड मैलावर मोठं चर्च आहे, पार्किंग किती ते भावाला माहीत नव्हतं. म्हटलं ते मोजून ठेव, त्यांना परवानगी कुठल्या वर्षी मिळाली, लेनची अट घातली होती का, ते सगळं काउंटीकडून काढ, कारण आता दाखवायला तुझ्याकडे तेवढंच आहे. तिसरी तारीख पुढच्या महिन्यात आहे.